गाडीचा दवाखाना: टायमिंग बेल्ट तुटला, आता व्हॉल्व्ह गेले की वाचले?

(या महिन्यात बेल्टवरच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे, म्हणजे एसी, मायलेज, टायर, सगळे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.)

प्रश्न: काका नमस्कार. माझ्याकडे २०१४ ची सेकंडहँड डिझेल गाडी आहे, दीड लिटर, चार सिलेंडर, आठ व्हॉल्व्ह, रनिंग १ लाख १८ हजार. पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाट चढत होतो, तिसरा गिअर, स्पीड चाळीसच्या आसपास असेल, आणि एकदम टक् असा आवाज येऊन इंजिन बंद. साइडला घेतली, पाच-सहा वेळा सेल्फ मारला पण सेल्फ एकदम हलका फिरत होता, नेहमीसारखा दम लागल्यासारखा आवाजच नाही. टोचन करून साताऱ्यात आणली. पहिला मेकॅनिक म्हणतो बेल्ट तुटलाय, सगळे व्हॉल्व्ह गेले, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावंच लागेल आणि आकडा असा सांगितला की मला घाम फुटला. दुसरा म्हणतो काही नाही हो, नवीन बेल्ट टाकू, सेल्फ मारून बघू, चालू झाली तर झाली. कोणाचं ऐकू? – एक वाचक, कराड

उत्तर: भाऊ, दोघांचंही ऐकू नका, निदान आज तरी. पहिला न बघताच ऑपरेशन सांगतोय आणि दुसरा पेशंटला पळवून बघू म्हणतोय. पहिल्याचं खरं निघायची शक्यता जास्त आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खोटी आशा नको. पण शक्यता वेगळी आणि पुरावा वेगळा. हेड उतरवायला हो म्हणायच्या आधी पुरावा मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो पुरावा मिळवायला अर्धा दिवस आणि थोडीफार मजुरी एवढंच लागतं.

आधी आत काय झालं ते समजून घ्या. खाली पिस्टनना वरखाली करणारा क्रँक फिरतो, वर व्हॉल्व्ह (हवा-धूर ये-जा करायच्या झडपा) उघडणारा कॅमशाफ्ट फिरतो, दोघांना बांधून ठेवणारा तो दातेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, म्हणजे त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे होते ते उघडेच लटकून राहतात, आणि खाली पिस्टन मात्र गाडीच्या वेगानं अजून थोडा वेळ वरखाली धावतच असतो. आता पिस्टन त्या लटकलेल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो की नाही यावर सगळा खेळ. काही इंजिनांत तो पोचतच नाही, उदाहरणार्थ फियाटचं जुनं आठ व्हॉल्व्हवालं फायर इंजिन, आपल्याकडे पालिओ १.२ मध्ये होतं ते, त्यात बेल्ट तुटला तर नवीन टाका आणि चला. पण तुमची डिझेल आहे. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन (सिलेंडरमधली हवा दाबणं) इतकं जास्त लागतं की पिस्टन वर आला की तो आणि हेड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते, तिथे आठ-नऊ मिलिमीटर खाली आलेला व्हॉल्व्ह मावणार कुठे. म्हणून डिझेलमध्ये बेल्ट तुटला की आपटणं हे जवळजवळ ठरलेलंच. फक्त आपटून काय तुटलं हे इंजिनागणिक बदलतं. तुमच्यासारख्या इंजिनात व्हॉल्व्ह उभे असतात, पिस्टन त्यांना खालून सरळ ठोकतो, त्यामुळे कधी दांडी वाकते, कधी टॅपेटची, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधली, वाटी फुटते, कधी कॅमशाफ्टलाच तडा जातो किंवा त्याच्या कॅप उखडतात. काही इंजिनांत मधे बारीक रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे लिव्हर, असतात, ते आधी मोडतात आणि त्या बदल्यात व्हॉल्व्ह वाचतात, तिथे नुसते रॉकर बदलून काम भागल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलंय.

सेल्फ हलका फिरत होता हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कॉम्प्रेशन असलं की सेल्फचा आवाज घुम्म-घुम्म असा ठेक्यात येतो, कॉम्प्रेशन नसलं की नुसतं भुर्रर. पण यावरून व्हॉल्व्ह वाकलेत असं म्हणता येत नाही बरं का! कॅम फिरत नसेल तर काही व्हॉल्व्ह उघडेच असतात, हवा दाबली जाणारच कशी, म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत असले तरी भुर्ररच येणार. भुर्रर म्हणजे बेल्ट गेला एवढंच सिद्ध. आणि एक, ते पाच-सहा वेळा सेल्फ मारलात ते नको होतं, चालत्या गाडीत जे व्हॉल्व्ह वाचले असतील त्यांनाही सेल्फचा दणका बसतो. झालं ते झालं, आता चावी काढून खिशात ठेवा आणि गिअरमध्ये टाकून ढकलायला तर कोणाला हातच लावू देऊ नका.

आता क्रम सांगतो.

पहिलं काम बेल्टचं कव्हर काढून बेल्ट नीट बघणं, आणि हे स्वतः उभं राहून बघा. बेल्ट मधून सरळ तुटलाय, की दाते सोलवटलेत आणि पट्टा शाबूत आहे? खालच्या क्रँक पुलीपाशी दहा-पंधरा दाते सपाट झालेले असतील तर काहीतरी जाम झालं होतं असं समजा, बहुतेकदा वॉटर पंप नाहीतर टेन्शनर किंवा आयडलरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या चाकांचं) बेअरिंग, हातानं फिरवून बघितलं की खरखर कळते. बेल्ट तेलानं किंवा कूलंटनं भिजलेला असेल तर सील गळत होतं. आणि एक प्रकार असा की बाहेरचा पट्टा, अल्टरनेटर-एसीचा, तो आधी फाटतो, त्याचे दोरे क्रँक पुलीच्या मागून कव्हरच्या आत ओढले जातात आणि टायमिंग बेल्टला उडवतात. लोक नवीन बेल्ट टाकतात, कारण तसंच राहतं, आणि मग तीन महिन्यांनी परत मला पत्र.

दुसरं काम टॅपेटचं गॅप. माझी सगळ्यात आवडती टेस्ट, कारण हेडला हात लावायचा नाही, सेल्फ मारायचा नाही, लागतं फक्त फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. यात आधी पिस्टन वाटेतून बाजूला घ्यायचे. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट पाना लावून हातानं, अगदी हलकेच, फिरवायचं आणि चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणायचे, म्हणजे टीडीसीपासून (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) पाव फेरा. चार सिलेंडरच्या इंजिनात अशी जागा असते जिथे चारही एकदम मधोमध येतात (तीन सिलेंडरवाल्यांनी एक पिस्टन अगदी तळाला न्यायचा, बाकीचे दोन पुरेसे खाली येतात). फिरवताना कुठे टक्कन अडलं तर जोर लावायचा नाही, मागे घ्यायचं, कॅम जरा हलवायचा, परत बघायचं. पिस्टन खाली गेले की कॅम बिनधास्त फिरवता येतो. मग व्हॉल्व्हचं कव्हर काढा आणि एकेका व्हॉल्व्हचा कॅमचा उंचवटा वर करून, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद असायला हवा अशा स्थितीत, गॅप मोजा. इनटेकला साधारण पाव मिलिमीटरच्या आतबाहेर आणि एक्झॉस्टला त्याहून थोडं जास्त असं असतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा धरा. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेवर, पूर्ण बसू शकत नाही, तो थोडा खालीच अडकतो, म्हणून त्याच्या डोक्यावर गॅप वाढतं. पाव मिलिमीटरच्या जागी कुठे एक मिलिमीटर आणि त्याहून जास्त निघालं की समजायचं हा गेला. आठही गॅप कागदावर लिहून घ्या, मेकॅनिकच्या डोक्यात नको. फक्त ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत तिथे ही युक्ती चालत नाही, ते वाढलेलं गॅप आपोआप भरून काढतात, आणि तुमचं इंजिन त्यातलं आहे का हे आधी विचारा.

आता असं समजा की आठही गॅप बरोबर निघाले. तरी नाचायचं नाही, कारण अगदी थोडा, केसभर वाकलेला व्हॉल्व्ह गॅपमध्ये सापडत नाही. तिथे हवेची टेस्ट, म्हणजे लीकडाउन. हीटर प्लग किंवा नोझल (डिझेल फवारणारं) काढून त्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सिलेंडरमध्ये सोडायची, त्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह कॅम फिरवून बंद ठेवायचे, आणि गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा, नाहीतर हवेनं पिस्टन खाली पळतो (पान्यावर हात तर अजिबात ठेवू नका, पाना फिरून बोटं जातात). मग कान लावायचा. एअर फिल्टरच्या पाइपात फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट. तेलाच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा, आणि तिथे थोडी हवा येतेच, सव्वा लाख पळालेल्या इंजिनात ती येणारच, त्यावरून घाबरवलं तर घाबरू नका. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). या टेस्टचं सुख असं की बेल्ट न टाकताच होते, त्यामुळे बेल्ट किटचे पैसेही अजून गेलेले नसतात.

हीटर प्लगचं भोक बारीक असतं पण नोझल काढलंच असेल तर त्याच भोकातून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडा, आता तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि बऱ्याच गॅरेजमध्ये असतोच. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसली की तिथे व्हॉल्व्ह आपटलाय. चंद्रकोर दिसली म्हणजे वाकलाच असं नाही, नुसता टेकूनही खूण पडते, पण नसली तर मात्र जीव भांड्यात पडतो.

यात सगळं स्वच्छ निघालं तरच नवीन बेल्ट, आणि नुसता बेल्ट नाही, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप सगळं किट. खुणा जुळवून बेल्ट बसवायचा आणि हातानं, पान्यानं, क्रँकचे पूर्ण दोन फेरे मारायचे. कुठे अडलं तर थांबा. दोन फेऱ्यांनी सगळ्या खुणा परत जागेवर आल्या तर मगच सेल्फ, तोही आधी नोझलचे कनेक्टर काढून, डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावून. पेट्रोलचा गेज लावायचा नाही हं, तो फुटतो. डिझेलला निरोगी आकडा तीनशे पीएसआयच्या वर असतो, पण खरं बघायचं ते चारही सिलेंडर एकमेकांच्या जवळ आहेत का.

तुमचा दुसरा मेकॅनिक हा शेवटचा भाग थेट पहिल्यांदा करतोय, तेही हातानं न फिरवता. म्हणून त्याला नाही म्हणा.

आणि यातलं काही बिघडलेलं निघालं तर हेड उतरवणं आलंच, तेव्हा पहिल्या मेकॅनिकला माझ्यातर्फे सॉरी सांगा. हेड उतरलं की लेथवाल्याकडे पाठवायच्या आधी हेड उलटं ठेवून प्रत्येक खोलग्यात रॉकेल नाहीतर डिझेल ओतून पंधरा मिनिटं बघा, ज्या पोर्टमधून गळेल तो व्हॉल्व्ह गेला. जुनी पद्धत आहे, अजूनही यापेक्षा सोपं काही निघालेलं नाही. गाइडला (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) तडा आहे का बघायला सांगा, आणि पिस्टन चारही वर आणून डायल गेजनं उंची मोजायला सांगा, एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलाय आणि ते नुसतं हेडचं काम करून भागणार नाही. हे मोजत कोणीच नाही. हेडचे बोल्ट नवीन, गॅस्केट नवीन, आणि डिझेलला गॅस्केटची जाडी त्याच मोजमापावरून निवडतात, जुन्यावर किती खाचा किंवा भोकं आहेत ते बघून तेवढ्याच मापाचं आणलं तरी चालतं, पण हेड फेसिंग (तळ घासून सपाट) केलं असेल तर परत मोजायला लागतं.

---

प्रश्न: सर, माझी १६ व्हॉल्व्हची पेट्रोल गाडी, बेल्टचे दाते सरकले होते म्हणून नवीन बेल्ट टाकला, गाडी लगेच चालू झाली पण आयडलला थरथरते आणि मिसिंग मारते. आधी प्लग बदलले, मग कॉइल, आता म्हणतात इंजेक्टर. असं करत करत सगळी गाडीच बदलणार का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर: ताई, अजून एक पार्टसुद्धा घेऊ नका. कॉइल एका सिलेंडरची दुसऱ्याला लावा, मिसिंग कॉइलबरोबर गेलं नाही, त्याच सिलेंडरला राहिलं, तर कॉइलचा दोष नाही. मग थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्लग चारही काढून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून कॉम्प्रेशन बघायला सांगा. पेट्रोलला साधारण दीडशे-पावणेदोनशे पीएसआय चांगले. आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी लोक चुकतात. चारही सिलेंडर सारखेच कमी आले, समजा सगळे शंभर-एकशेदहा, तर व्हॉल्व्ह नाही, बेल्ट एक-दोन दात चुकवून बसवलाय, परत जुळवा. तीन चांगले आणि एक चाळीस किंवा शून्य, तर संशय त्याच्या व्हॉल्व्हवर. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, आकडा वाढला तर रिंग, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह.

घरच्या घरी एक गंमत करून बघा, इंजिन आयडलला ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी साधा कागद धरा. निरोगी गाडी कागदाला सारखी बाहेर ढकलते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नसेल तर कागद मधेमधे आत ओढला जातो. यावरून हेड उतरवू नका, पण गॅरेजवाल्याशी बोलायला उपयोग होतो. वाकलेल्या व्हॉल्व्हवर गाडी तशीच चालवत राहू नका, मुंडी तुटून सिलेंडरमध्ये पडली तर पिस्टन, हेड, सगळंच जातं.

---

प्रश्न: वाकलेले व्हॉल्व्ह लेथवर सरळ करून मिळतात असं गॅरेजवाला म्हणतो, पैसे वाचतील का? – एक वाचक, जालना

उत्तर: नाही. एकदा वाकलेलं स्टील सरळ दिसतं, पण ते तिथेच थकलेलं असतं. नवीनच टाका. घासायला, म्हणजे पेस्ट लावून सीटवर बसवायला, हरकत नाही, ते नवीन व्हॉल्व्हलाही करावंच लागतं.

---

प्रश्न: फुल इन्शुरन्स आहे, बेल्ट तुटून इंजिनचं काम निघालं तर क्लेम मिळतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि झीज वगळलेली असते, आणि इंजिन प्रोटेक्शनचा जो ॲड-ऑन विकतात तो मुख्यतः पाणी शिरणं, तेल गळणं अशासाठी असतो. पॉलिसीचा कागद काढून वगळलेल्या गोष्टी वाचा. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिथे आशा आहे, पण बेल्ट वेळेवर बदलल्याचं बिल मागतील.

---

प्रश्न: माझ्या गाडीत बेल्ट आहे की चेन हे कसं कळणार? चेन असेल तर निश्चिंत ना? – एक वाचक, पनवेल

उत्तर: आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता, पद्मिनी आणि अँबॅसेडर दोन्हींत आत चेनच होती. १९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली तिच्याबरोबर बेल्ट घराघरात आला, बाकी जगात जर्मनीतल्या ग्लास (Glas) नावाच्या मोटार कंपनीनं तो साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच गाडीत बसवला होता. आज मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं चेनवाली, १.३ मल्टीजेट डिझेलही चेनवाली. ढोबळ खूण अशी की इंजिनाच्या बाजूला प्लास्टिकचं हलकं कव्हर दिसलं तर बेल्ट, धातूचं सीलबंद कव्हर असेल तर चेन. पण फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत बेल्ट तेलात बुडून फिरतो, तिथे ही खूण फसते, आणि तो झिजला की त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. म्हणून मॅन्युअल उघडा. चेनसुद्धा ताणली जाते आणि दात सोडते, सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू आली तर दुर्लक्ष करू नका.

---

कराडच्या वाचकांचा परत मेसेज आला, अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी. तिसऱ्या गॅरेजमध्ये नेली, गॅप मोजले. आठातले पाच बरोबर, दोन व्हॉल्व्हचं गॅप मिलिमीटरच्या वर, एकाचं मोजताच आलं नाही कारण टॅपेटची वाटीच फुटलेली. हेड उतरवलं, गाइड दोन बदलले, पिस्टन चारही सारख्या उंचीला निघाले. टेन्शनरचं बेअरिंग जाम होतं. पुढे लिहितात, ‘काका, गाडी घेताना विकणाऱ्यानं बेल्ट बदललाय असं सांगितलं होतं, बिल मागितलं नव्हतं.’

मी विचारलं, जुना बेल्ट कुठे आहे? म्हणाले, फेकला. मग मात्र मी चिडलो, बेल्टच्या पाठीवर तारीख आणि कंपनीचा नंबर छापलेला असतो हो, तो बेल्ट गाडीबरोबर आलेला होता की नंतरचा हे तिथेच कळलं असतं.